एक्क्याऐंशी टक्के लोकांना अडचण नाही

हेमराज निपाने इंग्रजी दुरुस्त करतो. नागपूरच्या तांडापेठेत कोणी विचारलं तर तो एवढंच सांगतो आणि विचारणाऱ्याचंही तेवढ्यावर भागतं. काम मात्र जरा वेगळं आहे. शास्त्रज्ञ लोक प्रयोग करतात, चार-चार वर्षं आकडे गोळा करतात, आणि ते सगळं इंग्रजीत लिहायला बसले की त्यांच्याच हातून त्यावर गोधडी पडते. वाक्यं लांबत जातात, कर्ता हरवतो, काय दिसलं आणि काय वाटलं यांची सरमिसळ होते. ती गोधडी काढायचं काम हेमराजचं. हे कोणी केलं, कधी केलं, नेमकं काय आढळलं आणि त्यावरून काय म्हणता येत नाही, हे जपानमधल्या किंवा ब्राझीलमधल्या माणसाला एका वाचनात कळेल असं तो करून देतो.

अठरा वर्षं झाली. आधी तो एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचा. बी.एस्सी. झाल्यावर इंग्रजीत एम.ए. केलेला माणूस म्हणून वनस्पतिशास्त्राच्या एका सरांनी त्याला आपला प्रबंध वाचायला दिला. त्यांनी दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. मग कापसावरचे लोक आले, मातीवरचे आले, कोळशावरचे, डॉक्टर. आले म्हणजे ईमेलनं आले. त्यातल्या बहुतेकांचे चेहरे हेमराजनं पाहिलेले नाहीत. पण मातीवर काम करणाऱ्या एका गृहस्थांची बायको आजारी होती, हे त्यांच्या दुरुस्त्या उशिरा यायला लागल्या तेव्हाच त्याच्या ध्यानात आलं होतं. दुसरे एक जण पानात आठ वेळा 'इट इज वर्थ मेन्शनिंग' लिहायचे. हेमराजनं त्यांना बाजूला टीप लिहिली, "सर, सांगण्यासारखं असेल तर सरळ सांगून टाका." त्यांचं उत्तर आलं नाही, पण पुढच्या पेपरमधून ते शब्द गेले होते.

त्याचा एक शब्द ठरलेला. 'इट वॉज ऑब्झर्व्ह्ड', म्हणजे असे आढळून आले, असं दिसलं की तो बाजूला लिहितो, "कोणाला?"

तो वरच्या खोलीत काम करतो. वाक्य मोठ्यानं वाचल्याशिवाय त्याला त्याचा दम कळत नाही, म्हणून दिवसभर त्याचं वाचणं चालू असतं. शेजारच्यांना आधी वाटायचं, हा सारखा फोनवर कोणाशी तरी इंग्रजीत बोलतो. खाली त्याचे वडील असतात. त्यांना काही ऐकू जात नाही.

वडिलांचं नाव शालिकराम. वय चौऱ्याहत्तर. बाराव्या वर्षापासून ते घरच्या मागावर बसत. खालच्या खोलीत, जमिनीत खड्डा करून तो हातमाग बसवलेला होता. हेमराज पाच वर्षांचा असताना त्यावरचं लुगडं घ्यायला कोणी येईना, तेव्हा माग निघाला आणि खड्डा सिमेंटनं बुजवला. तेवढा चौकोन अजून बाकीच्या फरशीपेक्षा काळा दिसतो. त्यावरच शालिकरामची खाट आहे. माग गेल्यावर ते कामठीला लागले, पॉवरलूमवर. सकाळी बसनं जायचं, बारा तास उभं राहायचं, रात्री यायचं. बत्तीस वर्षं. कान एकदम गेले नाहीत. घरातल्या टीव्हीचा आवाज वर्षावर्षानं वाढत गेला, आणि हेमराज आठवीत होता तेव्हा एक दिवस शालिकरामनं टीव्हीचा आवाज बंद आहे हे न कळता पूर्ण बातम्या पाहिल्या.

पोरानं लूमच्या आसपास फिरकायचं नाही, हा त्यांचा नियम होता. त्यासाठीच त्याला इंग्रजी शाळेत घातलं होतं. हेमराज फक्त एकदा तिथं गेला, दहा वर्षांचा असताना. आईनं मामाबरोबर डबा घेऊन पाठवलं होतं. शेडच्या दारातून त्याला वडील दिसले. त्या खडखडाटात पलीकडच्या लूमवरच्या माणसाशी ते हातांनी काही तरी बोलत होते, झरझर, आणि हसत होते. खांदे हलेपर्यंत हसत होते. घरी आल्यावर जेवून झोपणाऱ्या या माणसाला हसताना हेमराजनं तोवर तसं पाहिलं नव्हतं. वडिलांचं लक्ष दाराकडे गेलं, हसू गेलं, आणि त्यांनी हातानंच 'जा' म्हणून सांगितलं. तेवढी खूण त्याला कळली.

घरात हे हातांचं बोलणं आईला येत होतं. अनुसयाबाईंनी मागाच्या काळात सूत कांड्यांवर भरून दिलं होतं, पुढं नवऱ्याच्या संगतीनं त्यांनी लूमच्या खुणाही उचलल्या. वडिलांना काय हवं ते आई हेमराजला सांगायची, हेमराजचं म्हणणं ती हातांनी वडिलांना सांगायची. बापलेकांचं भांडणसुद्धा तिच्यामधूनच व्हायचं आणि ती त्यातलं अर्धंच पोचवायची. हेमराजचं लग्न एकदा ठरून मोडलं, पुढं राहूनच गेलं. तिघांचं घर होतं, तिघांचंच राहिलं.

चार वर्षांपूर्वी मार्च महिन्यात अनुसयाबाई गेल्या.

त्यानंतर घरात कागद आले. वापरलेल्या प्रिंटांच्या कोऱ्या बाजूवर हेमराज मोठ्या अक्षरांत मराठी लिहायचा. 'गोळी घ्या.' 'उद्या अकरा वाजता डॉक्टर.' 'भाजी वांग्याची आहे.' शालिकराम बोट ठेवून वाचायचे आणि मान हलवायचे. कानाचं एक मशीनही आणलं होतं. ते दोन दिवस लावून त्यांनी काढून ठेवलं. "नुसती खडखड येते याच्यात," ते म्हणाले. "खडखड लय ऐकली मी." मशीन कपाटात गेलं. गोळीचं, डॉक्टरचं, भाजीचं लिहून होत होतं. त्यापलीकडचं काही कागदावर लिहायला घेतलं की हेमराजला ते फार मोठं वाटायचं, आणि तो कागद चुरगाळून टाकायचा. दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं नीट करणाऱ्या माणसाचं हे असं होतं, आणि हे ज्याला सांगावं असं कोणीही त्याच्याजवळ नव्हतं.

गेल्याच्या गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये त्याच्याकडे एक पेपर आला. लिहिणारीचं नाव डॉ. प्रणाली टेंभुर्णे. नागपुरातल्याच एका मेडिकल कॉलेजात कान-नाक-घशाच्या विभागात ती शिकवत होती. विषय होता कामठीच्या पॉवरलूम कामगारांची ऐकण्याची शक्ती. दोनशे बारा कामगारांचे कान तिनं तपासले होते. इंग्रजी चांगलं होतं, छोटी छोटी वाक्यं, कर्ता जागेवर. हेमराजला पहिल्या सहा पानांत दोन-तीन ठिकाणच्या "कोणाला?"पलीकडे फारसं काही करावं लागलं नाही.

सातव्या पानावर तो थांबला. तिथं लिहिलं होतं की, बहुतेकांचं ऐकणं बरंच कमी झालेलं असूनही एक्क्याऐंशी टक्के कामगारांनी रोजच्या बोलण्यात काही अडचण येत नसल्याचं सांगितलं. पुढच्या परिच्छेदात त्यावरून निष्कर्ष काढला होता. कामगारांनी परिस्थितीशी जुळवून घेतलेलं दिसतं, सबब ऐकण्याच्या मशीनपेक्षा नव्या कामगारांचे कान वाचवण्यावर खर्च व्हावा.

वाक्यात एकही चूक नव्हती. हेमराजनं ते मोठ्यानं वाचलं. परत वाचलं. खाली वडिलांच्या खाटेची कुरकुर ऐकू आली.

त्याचा धंद्याचा नियम साधा होता. भाषेला हात लावायचा, मजकुराला नाही. शास्त्रज्ञांपेक्षा आपल्याला जास्त कळतं असं समजणारा एडिटर फार दिवस टिकत नाही, हे त्यानं पाहिलं होतं. त्यानं एक टीप लिहिली आणि पुसली. दोन दिवस तो पेपर तसाच उघडा राहिला. तिसऱ्या दिवशी त्यानं त्या ओळीच्या बाजूला लिहिलं, "वाक्य स्पष्ट आहे. पण मला वाटतं, ते खरं नाही." आणि पेपर पाठवून दिला.

दुपारी फोन आला.

"निपाने सर? मी प्रणाली टेंभुर्णे. तुमची कमेंट वाचली. भाषेत काही प्रॉब्लेम आहे का?"

"नाही मॅडम. भाषा बरोबर आहे."

"मग?"

"गोष्ट चूक आहे."

ती जरा कोरड्या आवाजात म्हणाली, "सर, दोनशे बारा लोकांना मी स्वतः विचारलं आहे. एकेकाला. तो डेटा आहे."

"कुठं विचारलं?"

"तिथंच. शेडच्या बाहेर, जेवणाच्या सुट्टीत."

"आजूबाजूले कोण होतं?"

"कोण असणार? त्यांच्याबरोबरचेच कामगार."

"त्या लोकांशी बोलताना त्याईले काही अडचण नाही," हेमराज म्हणाला. "ते हातांनी बोलतात. तीस-तीस वर्षं तसेच बोलून राहिले. तुम्ही घरी विचारून पाहा."

"घरीही तेच सांगतील ना."

"त्याईले नका विचारू. घरच्यांना विचारा."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "तुम्हाला हे कसं माहीत?"

हेमराजनं फोन दुसऱ्या हातात घेतला. इतक्या वर्षांत कोणा शास्त्रज्ञाला त्यानं स्वतःबद्दल काही सांगितलं नव्हतं. "माह्ये वडील बत्तीस वर्षं कामठीले लूमवर होते," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी दुपारी ती घरी आली. तेहतीस-चौतीस वर्षांची, पाठीवर सॅक, शहरातल्याच इंदोऱ्याहून स्कूटीनं आलेली. शालिकरामनं धुतलेला सदरा घातला होता आणि गळ्यापर्यंत बटणं लावली होती. डॉक्टरीण बाई येणार, एवढंच हेमराजनं कागदावर लिहिलं होतं, त्यामुळे ते तपासायला येणार असं समजून जीभ दाखवायच्या तयारीत होते. प्रणालीनं आपला प्रश्नांचा कागद काढला, मोठ्या अक्षरांत छापलेला, आणि त्यांच्यासमोर धरला. शालिकरामनं बोट ठेवून वाचलं. रोजच्या बोलण्यात तुम्हाला काही अडचण येते का?

"नाही," ते मोठ्यानं म्हणाले. "काही अडचण नाही. सगळं समजते मले."

तिनं चौकटीत खूण केली. मग ती हेमराजकडे वळली. "आता तुम्हाला विचारते. घरी यांच्याशी बोलताना तुम्हाला अडचण येते?"

"घरी म्हणजे..." हेमराज म्हणाला. "बोलणं कमीच होत असते. गरजेपुरतं होते."

"सर, हे तुमच्या भाषेत 'इट वॉज ऑब्झर्व्ह्ड' झालं," ती म्हणाली. चिडवत नव्हती. "कोणाचं बोलणं, केव्हा झालं, ते सांगा."

"काल झालं. गोळीचं."

"तसं नाही. नीट बोलणं शेवटचं कधी झालं?"

हेमराज खिडकीजवळ उभा होता. मग त्यानं सांगितलं की, आई गेली त्या दिवशी लोक जमले होते, तयारी चालू होती, आणि वडिलांनी खोलीच्या त्या टोकावरून त्याला हातानं काही तरी विचारलं. मूठ वळवली, मग दोन बोटं. त्याला कळलं नाही. लोकांसमोर त्यानं नुसती मान हलवली. वडिलांनी पुन्हा तेच केलं. त्यानं पुन्हा मान हलवली. मग वडिलांनी हात खाली घेतला. "त्याईनं काय विचारलं होतं, ते मले अजून माहीत नाही," तो म्हणाला. "नंतर कागदावर लिहून कसं विचारायचं?"

प्रणालीनं हे लिहून घेतलं नाही. तिचा पेन कागदावर तसाच टेकलेला होता.

"काय म्हणून राहिली ते?" शालिकरामनं विचारलं.

ती थोडी सावरली. म्हणाली, काम परत करावं लागेल. घरोघरी जावं लागेल, त्यासाठी कॉलेजच्या समितीची नवी परवानगी लागेल, दोन-तीन महिने जातील. आणि म्हाताऱ्या कामगारांशी बोलायला कोणी तरी हातांचं बोलणं येणारं हवं. "काका येतील का?"

हेमराजनं कागदावर लिहिलं, 'कामठीला याल का विचारते.' शालिकरामनं वाचलं आणि खाटेखालच्या चपला पायानं ओढल्या. हेमराजला घाईनं खाली लिहावं लागलं, 'आज नाही.'

परवानगी नोव्हेंबरच्या शेवटी मिळाली. डिसेंबरात ते तिघं बसनं कामठीला गेले. शालिकराम खिडकीशी बसले होते, गळ्याला मफलर. आधी शेडमध्ये जाऊन जुन्या माणसांचे पत्ते घ्यायचे होते. दारातच तो आवाज अंगावर आला. छातीत थडथडत होतं. शालिकराम उंबऱ्यावर उभे राहिले आणि त्यांनी एक हात वर केला. शेडच्या पार दुसऱ्या टोकाला पांढऱ्या दाढीचा एक माणूस लूमवर वाकला होता. त्यानं लूम थांबवला नाही. त्याचे हात वर आले. सत्तारभाई, वीस वर्षं शालिकरामच्या शेजारच्या लूमवरचे. दोघांचे हात चालू झाले. मधल्या चार लूमवरच्या माणसांनी माना वळवल्या, एकानं मध्येच काही तरी खूण केली आणि सगळे हसले.

प्रणाली हेमराजच्या कानाशी ओरडली, "काय म्हणताहेत?"

हेमराजनं मान हलवून नाही सांगितलं. त्या आवाजात काही न कळणारे दोघंच होते, ती आणि तो.

पुढचे पाच आठवडे, दर गुरुवारी आणि रविवारी, ते घरोघरी फिरले. शालिकराम बाहेरच्या खोलीत म्हाताऱ्या कामगारासमोर बसत. प्रणाली आत घरच्यांना विचारत असे आणि हेमराज उत्तरं लिहून घेत असे. एका सुनेनं सांगितलं, "अब्बा से क्या बात करें? चाय दे देते हैं, खाना दे देते हैं." एका म्हातारीनं बराच विचार करून सांगितलं, "पहले गाली देते थे. अब वो भी नहीं देते." एका घरी नातीनं सांगितलं, दादाजींना ऐकू येत नाही म्हणून त्यांच्यासमोर कुठलंही गुपित बोलता येतं, आणि मग आईकडे पाहून ती गप्प बसली. हेमराज जसंच्या तसं लिहीत होता. हात थांबायचा, मग पुन्हा चालू व्हायचा. संध्याकाळी घरी आल्यावर तो वहीतली उत्तरं टाइप करायचा आणि मोठ्यानं वाचायचा नाही.

एका गुरुवारी चहाच्या टपरीवर सत्तारभाई भेटले. शालिकराम पलीकडे कोणाशी तरी उभे होते. हेमराजनं सत्तारभाईंना हात दाखवला, मूठ वळवून, मग दोन बोटं, आणि याचा अर्थ काय म्हणून भुवया उंचावल्या.

सत्तारभाईंनी चहा बाकावर ठेवला. "ऐसे?" त्यांनी करून दाखवलं. "के ऐसे? ऐसे होगा तो कांडी खतम. ऐसे होगा तो टाइम क्या हुआ. और उंगली ऐसे सीधी रखे, तो घर चलें क्या." तिन्ही खुणांत फरक असा की मनगट थोडं आत, थोडं बाहेर. "कौन सा था?"

हेमराजनं आठवून पाहिलं. खोली आठवली, माणसं आठवली, वडिलांची बाही आठवली. मनगट आठवलं नाही. त्यानं हात खाली घेतला आणि सत्तारभाईंनी चहा उचलला.

परतीच्या बसमध्ये शालिकराम सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सत्तारले काय विचारून राहिला होता?"

हेमराजनं मोबाइलवर मोठी अक्षरं करून लिहिलं, 'मला तुमच्या हातांच्या खुणा शिकायच्या आहेत.'

शालिकरामनं मोबाइल लांब धरून वाचलं. "तुले काहून पाहिजे ते?" ते म्हणाले. "ते लूमचं आहे." मोबाइल परत दिला. थोड्या वेळानं, खिडकीकडे पाहतच, पुन्हा म्हणाले, "त्याच्यासाठी तुले शाळेत टाकलं होतं का?" पुढच्या बाकावरच्या बाईनं वळून पाहिलं. हेमराजनं मोबाइल खिशात ठेवला.

एकूण एकशे चाळीस घरं झाली. त्यांतल्या सत्त्याण्णव घरांनी सांगितलं की म्हाताऱ्याशी जेवण, औषध आणि पैसे यांपलीकडे बोलणं होत नाही. प्रणालीनं पेपर नव्यानं लिहिला आणि हेमराजकडे पाठवला. सातव्या पानावरच्या त्या जागी आता दोन वाक्यं होती. पहिलं असं की, कामाच्या ठिकाणी सोबत्यांसमोर विचारल्यावर एक्क्याऐंशी टक्के कामगारांनी अडचण नसल्याचं सांगितलं. दुसरं असं की, घरी विचारल्यावर दहापैकी सात घरांनी सांगितलं की त्यांच्याशी बोलणं जवळपास बंद झालं आहे. मध्ये तिनं 'हाउएव्हर' घातला होता. हेमराजनं तो काढला. मग परत घातला, मग परत काढला. त्या दोन वाक्यांत तिचं सगळं म्हणणं येत होतं आणि मध्ये काही आणायची गरज नव्हती. यात त्याचे तीन दिवस गेले. त्या पेपरमध्ये त्यानं कुठंही "कोणाला?" असं लिहिलं नाही.

शेवटी आभाराची ओळ होती. शालिकराम निपाने, माजी पॉवरलूम कामगार, यांनी हातांच्या खुणांचा अर्थ सांगितला. त्यांच्याखाली हेमराजचं नाव होतं. हेमराजनं आपलं नाव खोडलं. प्रणालीचा फोन आला, तेव्हा तो म्हणाला, "भाषेच्या माणसाचं नाव सगळे नाही टाकत, मॅडम. चालते."

"मी भाषेसाठी टाकलंच नव्हतं," ती म्हणाली. पण त्यानं पुन्हा घालू दिलं नाही.

पेपर छापून यायला आठ महिने लागले. तपासणाऱ्या तज्ज्ञांनी बऱ्याच शंका काढल्या, एकानं तर घरच्यांचं ऐकायचंच कशाला असं विचारलं, त्याला प्रणालीनं आणि हेमराजनं मिळून दीड पानी उत्तर लिहिलं. छापलेलं पान हेमराजनं वडिलांसमोर धरलं आणि त्यांच्या नावावर बोट ठेवलं. इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती. त्यांनी पान उजेडाकडे धरलं, पाठची बाजूही पाहिली.

"यानं काय होते?" त्यांनी विचारलं.

हेमराजनं लिहिलं, 'कामठीत कानाच्या मशीनचं शिबिर होणार आहे.'

"मशीन कपाटात जातात," शालिकराम म्हणाले.

शिबिर झालं, साठ मशीनं वाटली गेली, आणि त्यांतली बरीचशी खरंच कपाटात गेली. प्रणालीला ते अपेक्षितच होतं. तिनं दुसरं काम सुरू केलं. गुरुवारी दुपारी मोहल्ल्यातल्या शाळेची एक खोली मिळाली होती. तिथं कामगारांच्या घरच्यांना लूमच्या खुणा शिकवायच्या, आणि शिकवणार शालिकराम. कॉलेजची गाडी त्यांना गोळीबार चौकातून घेऊन जायला लागली. गुरुवारी सकाळपासून ते तयार होऊन खाटेवर बसत.

"काका छान शिकवतात," प्रणालीनं एका गुरुवारी दुपारी फोनवर सांगितलं. "पोरं इतकी हसतात, सर. मागच्या गुरुवारी त्यांनी शेठ आला, कामाला लागा, ही खूण दाखवली. आता घरोघर तीच चालू आहे."

"हो का," हेमराज म्हणाला.

फोन ठेवून त्यानं अर्धवट राहिलेलं वाक्य पुन्हा मोठ्यानं वाचलं. खाली कोणी नव्हतं. आजवर खाली कोणी ऐकणारं नव्हतं, पण खाटेची कुरकुर तरी असायची. संध्याकाळी शालिकराम आले, हातपाय धुऊन खाटेवर बसले आणि आपले आपणच मोठ्यानं सांगायला लागले. कोण आलं होतं, कोणाची नात हुशार आहे, सत्तारच्या गुडघ्याचं काय चाललं आहे. हेमराज जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत राहिला. ते थांबले, तेव्हा त्यानं कागदावर लिहिलं, 'मग काय झालं?' आणि पुढं धरला.

शालिकरामनं वाचलं. "काय होणार?" ते म्हणाले. "आलो परत." आणि आडवे झाले.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी हेमराज गाडीत त्यांच्याबरोबर बसला. शालिकरामनं त्याच्याकडे पाहिलं आणि मफलर नीट केला. शाळेच्या खोलीत वीस-बावीस माणसं होती, बहुतेक बायका आणि पोरं. हेमराज मागच्या रांगेत, लहान मुलांच्या बाकावर गुडघे आवळून बसला. शालिकराम फळ्यासमोर उभे राहिले. त्यांनी पाण्याची खूण दाखवली, सगळ्यांनी केली. थांब. दुखतं. किती वाजले. हेमराजनंही सगळ्यांबरोबर केलं. शालिकराम मग रांगेरांगेतून फिरायला लागले, प्रत्येकाचा हात पाहत, चुकलेलं बोट सरळ करत. पोरांना ते टपली मारत होते.

ते मागच्या रांगेत आले. हेमराजचा हात हवेत होता, मूठ वळवलेली, दोन बोटं वर. शालिकरामनं त्याचं मनगट धरलं, थोडं बाहेर वळवलं, अंगठा आत दाबला. हात सोडला, नीट आहे का ते पाहिलं आणि ते पुढच्या बाईकडे गेले.

परत येताना गाडीत त्यांना झोप लागली.

पुढच्या आठवड्यात काटोलच्या संत्र्यांवरचा एक पेपर तातडीनं द्यायचा होता, म्हणून त्या गुरुवारी हेमराज गेला नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी गेला.